वीसपैकी अठरा सगळ्यांनाच, मग विचार नक्की कोण करतंय?

तुम्ही लिहिलंय की आठवी-नववीला कम्प्युटेशनल थिंकिंग (प्रश्न कॉम्प्युटरला सोडवता येईल असा पायऱ्यापायऱ्यांनी मांडायचा विचार) शिकवता, आठवड्याला दोन तास, वर्गात ४० मुलं, सत्राच्या शेवटी प्रत्येकाकडून एक प्रोजेक्ट, आणि मार्क बघायला गेलं तर सगळे १६ ते १८ च्या मध्ये. पण जरा वेगळा प्रश्न टाकला की अर्धा वर्ग तुमच्या तोंडाकडे बघत बसतो. मग चुकतंय कुठे, शिकवण्यात की तपासण्यात, आणि आधी कागदावर शिकवायचं की थेट कोडिंगवर जायचं, हे तुमचे दोन प्रश्न. मी सोळा वर्षं हेच शिकवतेय आणि त्यातली पहिली पाच-सहा वर्षं अगदी तुमच्यासारखेच मार्क वाटत होते, त्यामुळे उत्तर जरा लांबणार आहे, सांभाळून घ्या.

माझ्या मते घोळ तपासण्यापासून सुरू होतो आणि मग तो मागे शिकवण्यात शिरतो. मुलं व्यवहारी असतात. मार्क कशाला आहेत ते त्यांना पहिल्या आठवड्यात कळतं, आणि मार्क जर "प्रोजेक्ट चालतो का" याला असतील तर ती प्रोजेक्ट चालवून दाखवतात, व्हिडिओ बघून, शेजाऱ्याचं बघून, आता तर एआयला विचारून. त्यात लबाडी आहे असंही मला वाटत नाही, आपण मागितलं ते त्यांनी दिलं.

मला हे कळलं ते एका मुलामुळे. त्याने स्क्रॅचमध्ये (ब्लॉक जोडून प्रोग्रॅम करायची मुलांची भाषा) गेम केला होता, राक्षस मागे लागतो, नाणी गोळा करायची, स्कोअर, आवाज, सगळं झकास. मी १९ दिले. सहज म्हणून म्हटलं, अरे हा राक्षस फार हळू येतो, जरा जोरात पळव ना. तो पाच मिनिटं ब्लॉक वर-खाली सरकवत बसला आणि शेवटी म्हणाला, "मॅडम, तो कुठून हलतो ते बघावं लागेल." त्याच बाकावरच्या मुलीचा प्रोग्रॅम चालतच नव्हता, तिला मी ७ दिले होते. तिच्या वहीत मागच्या पानावर तिने काय काय करून बघितलं त्याची यादी होती: हा ब्लॉक काढला तर थांबतं, म्हणजे गडबड याच्या आत आहे, स्कोअर दोनदा वाढतो कारण दोन ठिकाणी लिहिलंय. ती यादी म्हणजेच डिबगिंग, प्रोग्रॅममधली चूक शोधणं, आणि मी त्याला शून्य मार्क दिले होते कारण माझ्या तक्त्यात त्याचा रकानाच नव्हता.

दुसरं टोक पण बघितलंय. काही ठिकाणी प्रोजेक्ट नको म्हणून लेखी परीक्षा घेतात आणि त्यात "ॲबस्ट्रॅक्शन म्हणजे काय ते लिहा", "डीकम्पोझिशनची दोन उदाहरणं द्या" असले प्रश्न. मुलं व्याख्या पाठ करतात आणि पैकीच्या पैकी घेतात. पोहण्याची व्याख्या लिहून घेण्यासारखं आहे हे. ते चार शब्द (डीकम्पोझिशन म्हणजे तुकडे पाडणं, पॅटर्न ओळखणं, ॲबस्ट्रॅक्शन म्हणजे नको ते वगळणं, पायऱ्या लिहिणं) शिक्षकाच्या डोक्यात हवेत, मुलांना ते वर्षभरात नाही सांगितले तरी चालतं.

अजून एक गोष्ट आधीच कबूल करून टाकू, कारण तुमच्या "वेगळा प्रश्न टाकला की" या तक्रारीचं मूळ तिथे आहे. एका ठिकाणी शिकलेला विचार दुसरीकडे आपोआप जात नाही. सीमोर पॅपर्टने १९८० मध्ये, लोगो या मुलांसाठीच्या प्रोग्रॅमिंग भाषेच्या जोरावर, मुलं प्रोग्रॅम करता करता विचार करायला शिकतील असं मोठं स्वप्न मांडलं, पुढे २००६ मध्ये जनेट विंगने तीन पानी लेख लिहून ही कौशल्यं सगळ्यांनाच हवीत असं म्हटलं आणि तिथून कम्प्युटेशनल थिंकिंग हा शब्द जगभर अभ्यासक्रमात शिरला. पण मधे १९८४ मध्ये रॉय पी आणि मिडियन कर्लंड या संशोधकांनी एक साधी गोष्ट तपासली होती. वर्षभर लोगो शिकलेल्या मुलांना वर्गातली कामं (फळा पुसणं, खुर्च्या लावणं वगैरे) कमीत कमी फेऱ्यांत कशी उरकायची याचं नियोजन करायला दिलं, आणि ती मुलं लोगो न शिकलेल्या मुलांपेक्षा काही सरस निघाली नाहीत. म्हणून "कोडिंग शिकवलं की डोकं चालायला लागतं" असं पालकांना सांगत जाऊ नका, आणि मुलांना नवीन ठिकाणी नेणं हा शिकवण्याचाच भाग धरा. तो भाग परीक्षेत पहिल्यांदा समोर आला तर मुलं तोंडाकडे बघणारच.

आता शिकवण्याकडे येते. कागद आधी की कॉम्प्युटर आधी? माझं उत्तर: कागद आधी, पण त्याच आठवड्यात कॉम्प्युटर. मधे महिना गेला तर मुलांना खेळ आठवतो, कल्पना आठवत नाही. आणि कागदावरचा खेळ नीट रचला पाहिजे. दात घासायच्या पायऱ्या लिहा हे सगळीकडे चालणारं उदाहरण मला अजिबात आवडत नाही, कारण माणूस मधल्या गाळलेल्या जागा स्वतः भरतो आणि मुलाला वाटतं आपण फार काटेकोर लिहिलं.

त्यापेक्षा पत्ते घ्या. सात पत्त्यांवर सात आकडे लिहा आणि सगळ्यात लहान शोधायला सांगा. पत्ते उघडे ठेवलेत तर खेळ फुकट, मुलगा नुसतं बघून उचलतो, त्याच्या डोळ्याने काय केलं ते त्यालाही माहीत नसतं. पत्ते पालथे ठेवा आणि नियम करा की एका वेळी दोनच उलटायचे, तुलना करायची, परत पालथे. आता गंमत सुरू होते. "आत्तापर्यंतचा लहान" कुठेतरी लक्षात ठेवावा लागतो, त्यावर बोट ठेवावं लागतं, आणि ते बोट म्हणजे व्हेरिएबल (प्रोग्रॅममधला आकडा ठेवायचा डबा), हे मी नंतर सांगते, आधी नाही. सातात लहान शोधायला ६ तुलना लागतात. मग म्हणायचं, सगळे क्रमाने लावा, प्रत्येक वेळी उरलेल्यांतला लहान काढून. ६ अधिक ५ अधिक ४ असं करत २१. आठ पत्ते असते तर किती लागल्या असत्या? पत्ते न उलटता सांगा. ज्याने २१ मध्ये ७ मिळवून २८ सांगितले त्याला पॅटर्न दिसला, ज्याने परत पहिल्यापासून बेरीज केली त्याला रीत कळलीय पण पॅटर्न अजून नाही, आणि ज्याने २४ सांगितले (सातला २१ म्हणजे एकाला ३, मग आठला २४) त्याच्याशी बसून बोलायला लागतं. एका प्रश्नात तीन वेगळी मुलं दिसली की नाही? आणि अजून मार्कांचा विषयच निघालेला नाही.

कॉम्प्युटरवर गेल्यावर माझा एकच हट्ट असतो, चालवायच्या आधी काय होईल ते लिहायचं. पेनने, खाडाखोड न करता. इंग्लंडमध्ये २०१४ ला कॉम्प्युटिंगचा अभ्यासक्रम आल्यानंतर तिथे सू सेंटन्स यांची प्रिम नावाची रीत बरीच रुजली: आधी अंदाज करा, मग चालवा, मग आत काय चाललंय ते तपासा, मग थोडं बदला, आणि सगळ्यात शेवटी स्वतःचं बनवा. आपण बहुतेक जण पहिल्या तासापासून शेवटच्या पायरीवर उडी मारतो, कोरी स्क्रीन देतो आणि "बनवा" म्हणतो. नववीच्या मुलाला कोरी स्क्रीन म्हणजे कोऱ्या पानावर निबंध, वाक्य वाचता येत नसताना.

अंदाज लिहून घेतला की मुलांच्या डोक्यातलं भूत बाहेर येतं. भूत म्हणजे, मशीनला माझ्या मनातलं कळतं हा समज. रॉय पी यांनीच १९८६ मध्ये त्याला सुपरबग म्हटलं होतं, आणि ते इतक्या वर्षांनी तसंच्या तसं भेटतं. माझ्या वर्गातली एक मुलगी, हुशार, गणितात चांगली, तिने व्हेरिएबलला "सर्वात_मोठा" असं नाव दिलं आणि तिची पक्की खात्री होती की नाव तसं आहे म्हणजे त्यात सर्वात मोठा आकडा आपोआप येऊन बसणार. मी नाव बदलून "झाड" केलं आणि विचारलं, आता? ती बराच वेळ गप्प होती. तेव्हापासून मी अधूनमधून मुद्दाम उलटी नावं देते, लहान आकड्याच्या डब्याला "मोठा" असं, आणि अंदाज लिहायला लावते.

तसंच अगदी छोटं: अ = ५, मग ब = अ, मग अ = ७, आता ब किती? प्रोजेक्टात १८ मिळवणाऱ्या वर्गाला हे विचारून बघा. बरीच पोरं ७ लिहितील, कारण गणितात बरोबरचं चिन्ह म्हणजे कायमचं नातं आणि इथे ते "आत्ता उचलून ठेव" असं काम आहे. हे सांगून जात नाही, ओळीमागे ओळ तक्ता मांडून, प्रत्येक ओळीनंतर डब्यात काय आहे ते लिहून जातं. कंटाळवाणं आहे, मान्य. करायचंच.

तर आता मूल्यमापन. मी बनवलेल्या वस्तूचे मार्क कमी केले आणि वस्तूला हात लावून बघण्याचे वाढवले. एक प्रश्न सविस्तर सांगते म्हणजे कळेल. फळ्यावर आकड्यांच्या यादीतला मोठा आकडा शोधणारा प्रोग्रॅम लिहायचा: मोठा = ०, मग यादीतला प्रत्येक आकडा घे, तो "मोठा"पेक्षा मोठा असेल तर "मोठा" त्याच्यावर आण, शेवटी "मोठा" दाखव. यावर चार गोष्टी विचारते.

आधी, यादी ३, ८, ५ असेल तर प्रत्येक फेरीनंतर "मोठा" किती? हे पायऱ्या पाळता येतात का ते सांगतं. मग, हा प्रोग्रॅम काय करतो ते एका वाक्यात लिहा. इथे वर्ग दुभंगतो. काही लिहितात "आधी शून्य घेतो मग एकेक आकडा बघतो मग मोठा असेल तर बदलतो मग दाखवतो", म्हणजे ओळी वाचून दाखवल्या, आणि काही लिहितात "यादीतला सगळ्यात मोठा आकडा शोधतो", म्हणजे झाडं बघून जंगल दिसलं. पहिल्याला मी २ पैकी १ देते. तिसरं, अशी यादी द्या जिच्यावर हा प्रोग्रॅम चुकीचं उत्तर देईल. हा माझा सगळ्यात लाडका प्रश्न. बहुतेक जण आधी खूप मोठे आकडे टाकून बघतात, मग खूप लांब यादी, मग दोन सारखे आकडे. आणि मग कुणीतरी मागून ओरडतं, "थंडीतलं तापमान!" उणे ४, उणे ९, उणे २. प्रोग्रॅम म्हणतो ०, जो यादीत नाहीच. चौथं, तो दुरुस्त करा. इथे कुणी ० च्या जागी उणे १०० लिहितं (मग मी उणे २०० टाकते), आणि कुणाला सुचतं की यादीतलाच पहिला आकडा धरून सुरुवात करायची. सगळा मिळून पंधरा मिनिटांचा कागद, पण महिनाभराच्या प्रोजेक्टपेक्षा जास्त दाखवतो.

नको ते वगळणं, म्हणजे ॲबस्ट्रॅक्शन, तपासायला सगळ्यात अवघड, कारण मुलाने काय टाकून दिलं ते कागदावर उमटत नाही. म्हणून टाकलेल्याचीच यादी मागायची. मी दहा मजल्यांच्या इमारतीतली एक लिफ्ट देते. प्रश्न एक: लोकांना किती वेळ थांबावं लागतं ते काढायचंय, कोणती माहिती लागेल, कोणती टाकून द्याल, का? प्रश्न दोन: लिफ्टमध्ये ओझं जास्त होतं का ते काढायचंय, आता परत सांगा. माणसांचं वजन पहिल्यात केराच्या टोपलीत गेलं होतं, दुसऱ्यात ते मुख्य झालं. काही मुलं दोन्हीला तीच यादी लिहितात, आणि तिथे कळतं की त्यांना "नको ते वगळा" हे वाक्य पाठ आहे, "कशासाठी नको" हे नाही. माझी पहिली दोन वर्षं या प्रश्नात दुसरा भागच नव्हता, मग काय, सगळ्यांना पूर्ण मार्क.

तयार साधनांबद्दल पटकन. उलटसुलट केलेल्या ओळी जुळवायचे प्रश्न (डेल पार्सन्स आणि पॅट्रिशिया हेडन यांनी २००६ मध्ये मांडले, पार्सन्स प्रॉब्लेम म्हणतात) तपासायला फार सोपे, फक्त त्यात दोन-तीन फसव्या, न लागणाऱ्या ओळी टाका नाहीतर मुलं जिगसॉसारखं जुळवून मोकळी होतात. बेब्रास, लिथुआनियात २००४ ला सुरू झालेली स्पर्धा, तिचे प्रश्न वर्ग तापवायला उत्तम आणि कोडिंग अजिबात लागत नाही, पण पर्यायावर खूण एवढ्यावर थांबू नका, खाली एक ओळ कारण लिहून घ्या. आणि स्क्रॅचचे प्रोजेक्ट आपोआप तपासणारं डॉक्टर स्क्रॅच आहे, मूळ मांडणीत सात बाबी, प्रत्येकी ३, असे २१ पैकी गुण. ते कोणते ब्लॉक वापरलेत ते बघतं. मुलाला ते ब्लॉक कळलेत का ते त्याला कसं दिसणार? मी ते स्वतःसाठी, वर्गात कुठली गोष्ट कुणीच वापरत नाही ते बघायला वापरते, मार्कांसाठी नाही. कॅरेन ब्रेनन आणि मिचेल रेसनिक यांनी २०१२ मध्ये स्क्रॅचवरच्या मुलांबद्दल लिहिताना हीच अडचण मांडली होती: प्रोजेक्टात कल्पना दिसते, पण मुलाशी बोलायला बसलं तर कधीकधी त्याला ती समजावून सांगता येत नाही. म्हणून त्यांनी मुलाखतीही घेतल्या.

मुलाखत म्हटलं की तुम्ही म्हणाल ४० मुलं कुठे बसवू. हिशोब करू. प्रत्येकी ३ मिनिटं, म्हणजे १२० मिनिटं, एका दमात अशक्य. मी आठवड्याला आठ मुलं घेते, २४ मिनिटं, बाकीचे तेव्हा ओळी जुळवण्याचा कागद सोडवतात, पाच आठवड्यांत वर्ग संपतो. विचारायचं फक्त दोनच: ही ओळ काढली तर काय होईल, आणि माझ्यासमोर हा एक बदल करून दाखव. राक्षस जोरात पळव. बस. एआयची भीतीही इथेच बरीचशी विरते, कोड कुणीही लिहिलेला असो, बदल तुमच्यासमोर होतो. उलट मी आता मुद्दाम एआयने लिहिलेला कोड देते आणि तो कुठल्या यादीवर फसेल ते शोधायला लावते.

माझे २० मार्क सध्या असे आहेत: चालणारा प्रोजेक्ट ४, अंदाज आणि तक्ता ५, समोर केलेला बदल ६, आणि वहीतली "काय बिघडलं, काय करून बघितलं" ही नोंद ५. हे आकडे काही पवित्र नाहीत. तुमच्याकडे तीन मुलांत एक मशीन असेल तर समोरचा बदल कागदावर घ्यावा लागेल, आणि गटात केलेल्या प्रोजेक्टात तर बोलणं अजून महत्त्वाचं, कारण एकजण करतो आणि दोघं बघतात. पहिल्यांदाच शिकणारा वर्ग असेल तर "एका वाक्यात लिहा" हा प्रश्न सुरुवातीचे दोन महिने मार्कांत धरू नका, भाषा अडते, विचार नाही. ज्यांना लिहायला जड जातं त्यांना मी तोंडी विचारते, आणि दरवर्षी दोन-तीन अशी निघतात जी कागदावर नापास आणि बोलताना वर्गात पहिली. वरून ठरवून दिलेला परीक्षेचा साचा असेल तर त्यातल्या प्रात्यक्षिकाच्या मार्कांतच हे बसवावं लागतं, ते मी बरीच वर्षं तसंच बसवलंय. आणि पहिल्या सत्रात सरासरी घसरेल, माझी १७ वरून ११ वर आली होती, पालकांचे फोन आले. मी त्यांना मुलाचा तापमानवाला कागद दाखवला, त्यांच्याकडून सोडवून घेतला, पुढे फार काही बोलावं लागलं नाही.

राहिला तुमचा शेवटचा मुद्दा, या सत्राचे ४० प्रोजेक्ट आधीच जमा आहेत त्यांचं काय करू. परत करा, पण अदलाबदल करून. प्रत्येकाला दुसऱ्याचा प्रोजेक्ट द्या आणि एक तासात तो कशाने मोडतो ते शोधून वहीत लिहायला सांगा, काय टाकलं, काय व्हायला हवं होतं, काय झालं. मोडून दाखवणाऱ्याला मी दोन मार्क देते, ज्याचा मोडला त्याचे कापत नाही, आणि त्याने पुढच्या तासाला दुरुस्त केला तर त्यालाही दोन.